विनंती थांबा

आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट खरी आहे, आणि ती खरी आहे हे पटवत बसायला मला वेळ नाही.

या पानावर रोज कोणी ना कोणी पांढऱ्या कपड्यातली बाई आणतं आणि खाली दोनशे जण "बापरे" लिहून झोपायला जातात. त्यातले दोनचार शहाणे मला "हे कुठेतरी वाचलंय" म्हणणार. म्हणा, खुशाल म्हणा.

माझ्या गोष्टीत अमावस्या नाही. ओसाड बंगला नाही. रात्रीचे बारासुद्धा वाजलेले नाहीत.

रविवार होता. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं कमी. जागा म्हणजे माझ्या ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल, आणि मी स्वतः तिथे समोर बसलेली होते.

आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे भावोजी. या माणसाला जन्मात कधी कोणाची भीती वाटली नाही. भीती वाटायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते ना.

भावोजी बसच्या आगारात वेळापत्रकं बनवतात. कोणती बस किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, सगळं हेच ठरवतात, तेही थंडगार खोलीत बसून. स्वतः बसमध्ये पाय ठेवून त्यांना वीस वर्षं झाली असतील.

त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे विनंती थांबे.

विनंती थांबा म्हणजे जिथे बस एरवी थांबत नाही. कोणी रस्त्यावरून हात केला, किंवा आतून कोणी "जरा थांबा हो" म्हटलं, तरच थांबते. अशा थांब्यांवर कोण असतं? एखादी म्हातारी, एखादा गुडघेदुखीवाला. भावोजींनी ते सगळेच्या सगळे एका सहीत काढून टाकले. फेरीमागे चार मिनिटं वाचली. त्याबद्दल त्यांना काचेचा एक चौकोनी ठोकळा मिळाला. तो टीव्हीशेजारी ठेवलाय, आणि ताई त्याच्यावर फडकंसुद्धा मारत नाही.

"विनंती करणाऱ्याला घाई नसते," भावोजी सांगायचे. "मग त्याच्यापायी बाकीच्यांनी का खोळंबायचं?"

असा माणूस सहल कशी आखत असेल, तुम्हीच विचार करा.

दरवर्षी पानगळीच्या दिवसांत चार दिवस गाडी काढायची. दोन दिवस द्राक्षमळे, दोन दिवस समुद्र. महिनाभर आधी तक्ता तयार. तक्त्याचे भाग दोन, 'जाताना' आणि 'येताना'. प्रत्येक ओळीत ठिकाण, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ. नाश्त्याला अठ्ठावीस मिनिटं. बाथरूमला सहा. सूर्यास्ताला अकरा. सूर्य रेंगाळला तर तो त्याचा प्रश्न.

मळ्यात वाईनचा एक घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून सांगणार, "लाकडाचा वास लागतोय." घरी गॅसवर दूध करपून धूर झाला तरी या नाकाला पत्ता नसतो.

असो. मूळ गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे.

त्या वर्षी आम्ही चौघं होतो. भावोजी गाडी चालवत होते, शेजारी ताई. भावोजींच्या बरोबर मागे त्यांच्या आई बसल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणते. काकूंच्या शेजारी मी, कानात गाणी लावून.

दोन दिवस मळ्यांत काढून आम्ही समुद्राकडे निघालो. मधे एक डोंगर लागतो. रस्ता डोंगराच्या अगदी माथ्यावरून जातो, आणि माथ्यावर एक वळण आहे. वळणावर एक लाकडी बाकडं. त्या एका जागेवरून मागे पाहिलं तर लाल पिवळे झालेले मळे दिसतात, आणि पुढे पाहिलं तर समुद्र. दोन्ही एकदम. डोंगरावर आणखी कुठूनच तसं दिसत नाही.

काकूंना एक सवय होती. काही सांगायचं असलं की त्या चष्म्याच्या डबीने पुढच्या सीटच्या पाठीवर वाजवायच्या. दोनदाच.

टक... टक.

"थांब रे जरा. मला इथे उतरायचंय. वीस मिनिटं फक्त."

"येताना थांबू," भावोजी म्हणाले.

आरशात पाहिलंसुद्धा नाही.

आता यातली गंमत ऐका. भावोजींच्या तक्त्यात येतानाचा रस्ता कधीच जातानाचा नसायचा. एका रस्त्याने जायचं, दुसऱ्याने यायचं, म्हणजे तेच तेच बघावं लागत नाही. 'येताना थांबू' हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच त्यांना ठाऊक होतं की आपण त्या वळणावरून येणारच नाही आहोत.

काकूंना मात्र ते ठाऊक नव्हतं.

परतीला आम्ही हमरस्त्याने निघालो. तास गेला, दोन तास गेले. काकू खिडकीला नाक लावून बसलेल्या. मग डबी वाजली.

"ते वळण कधी येणार रे?"

"आई, आपण दुसऱ्या रस्त्याने चाललोय."

काकूंनी खिडकीवरून नाक काढलं.

"अच्छा," म्हणाल्या.

एवढंच. डबी पर्समध्ये ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत काढली नाही.

पुढच्या वर्षी भावोजींना रजा मिळाली नाही, सहल झाली नाही. त्याच थंडीत काकू गेल्या.

आता त्या रविवारवर येते.

भावोजी लॅपटॉप उघडून यंदाचा तक्ता करत होते. ताई आत चहा टाकत होती. मी बिस्किटं खात त्यांची मजा बघत होते.

"मोठी चूक करत होतो आपण इतकी वर्षं," भावोजी म्हणाले. त्यांच्या तोंडी 'आपण' आलं की चूक दुसऱ्याची असते. "दुपारी डोंगर ओलांडून समुद्राकडे जाताना ऊन डोळ्यावर येतं. उलटं फिरलं पाहिजे. हमरस्त्याने थेट समुद्र गाठायचा, आणि डोंगरावरून मळ्यांत यायचं. ऊन पाठीवर. साधी गोष्ट आहे, पण कोणाच्या डोक्यात येईल तर शपथ."

त्यांनी डोंगराच्या रस्त्याची ओळ 'जाताना'मधून उचलली आणि 'येताना'मध्ये टाकली.

आणि...

टक... टक.

आवाज त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर झाला. मी समोर होते. माझे दोन्ही हात बिस्किटांच्या डब्यात होते. त्यांच्या मागे भिंतीपर्यंत कोणी नव्हतं.

"काय आहे?" भावोजी मान न वळवता खेकसले.

"मला काही म्हणालात का?" ताईचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

मग भावोजींनी मान वळवली. भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मला म्हणाले, "पोरकटपणा पुरे." मी पस्तीस वर्षांची आहे, पण ते जाऊ दे.

पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. दोन मिनिटांनी त्यांच्या कपाळावर आठी आली.

बेरीज चुकत होती.

वळणाच्या आधीपर्यंत सगळ्या वेळा बरोबर. वळणानंतरच्या सगळ्या वेळा वीस मिनिटं पुढे. मळ्यातल्या गेस्टहाऊसला तीन पंचावन्नला पोहोचायचं, तिथे चार पंधरा येत होते. मधे एखादी जास्तीची ओळ आली असेल म्हणून त्यांनी वरखाली शोधलं.

ओळ नव्हती... पण वीस मिनिटं होती.

त्यांनी तक्ता पुसून पुन्हा केला. चार पंधरा. कागद घेतला, पेनने बेरीज केली. चार पंधरा. आयुष्यभर मिनिटांवर जगलेला माणूस बोटांवर मोजायला लागला, आणि बोटांवरही चार पंधराच आले.

मला हसू येत होतं. खोटं कशाला बोलू, मला मनापासून बरं वाटत होतं.

ताई चहा घेऊन आली. कागदाकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"अहो... डोंगराचा रस्ता आता येताना येतोय."

"मग?"

"तुम्ही आईंना काय म्हणाला होतात?"

फ्रिजचा आवाज चालू होता, तो नेमका तेव्हाच थांबला.

"सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे," भावोजी म्हणाले, आणि पेनने केलेली बेरीज फाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेस्टहाऊसला फोन लावला. संध्याकाळची वेळ, फोन स्पीकरवर, ताई शेजारी भाजी निवडत बसलेली. हे सगळं मला ताईनेच सांगितलं.

"दोन माणसं, एक खोली," भावोजी म्हणाले. "आम्ही तीन पंचावन्नला पोहोचतो."

"चार पंधराला ना?" पलीकडची बाई म्हणाली.

"तीन पंचावन्न."

"नाही, आजींनी चार पंधरा सांगितलंय. सकाळी फोन आला होता त्यांचा. म्हणाल्या, वीस मिनिटं उशीर होईल, फाटक लावून घेऊ नका."

"कुठल्या आजी?"

"तुमच्या आईच असतील ना? फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, मुलगा घाईत असतो, त्याचं मनावर घेऊ नका."

ताईच्या हातातली जुडी खाली पडली.

भावोजींनी त्या बाईलाच झापलं. तुमच्याकडे दुसऱ्याच कोणाची नोंद आमच्या नावावर पडली आहे, असल्या कारभारामुळेच तुमची ही अवस्था आहे, वगैरे. समोरच्याला मूर्ख ठरवलं की यांचं कुठलंही कोडं सुटतं.

शनिवारी ते हवा आणि तेल बघायला गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली.

आणि...

पीं. पीं. पीं.

मागच्या सीटचा पट्टा लावलेला नसला की वाजतो तो आवाज. समोर लाल दिवा लागला होता, त्यांच्या बरोबर मागच्या सीटचा. मागे कोणी नव्हतं. पिशवी नव्हती, छत्री नव्हती, काहीही नव्हतं.

गाडी सरळ मेकॅनिककडे. मेकॅनिकने अर्धा तास सीटखाली डोकं घालून पाहिलं.

"सेन्सर ठीक आहे साहेब. वजन पडल्याशिवाय वाजत नाही."

"मग आता कोणाचं वजन पडलंय?"

मेकॅनिकने रिकाम्या सीटकडे पाहिलं. हात पुसले.

"ते तुम्ही घरी जाऊन बघा," म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.

त्या रात्री जेवताना ताईने विषय काढलाच.

"तिथे वीस मिनिटं थांबणार असाल तर मी येते. नाहीतर एकटे जा."

"गेलेल्या माणसाला बाकडं दाखवायला गाडी थांबवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"कुठले लोक? गाडीत आपण दोघंच आहोत."

भावोजींनी आमटीची वाटी पुढे ओढली.

"आईंनी तुमच्याकडे आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं," ताई म्हणाली. "वीस मिनिटं. तुम्ही त्यांना फसवलंत. निदान आता तरी खोटे पडू नका."

"बघू," भावोजी म्हणाले.

त्यांचा 'बघू' म्हणजे काय ते ताईला चौदा वर्षांत कळायला हवं होतं. पण ताई माझ्यापेक्षा भली आहे. ती गेली.

मलाही विचारलं होतं त्यांनी, मागची सीट रिकामीच आहे म्हणून. मी कामाचं कारण सांगितलं. मागच्या सीटवर? मी?

जाताना काही झालं नाही. समुद्रावरचे दोन दिवस मजेत गेले, म्हणजे मिनिटाबरहुकूम गेले. गाडी एकदाही वाजली नाही. भावोजींचा आवाज परत चढला. "दमट हवेने होतं तसं. खाऱ्या वाऱ्याने सुटलं असेल." खारा वारा यंत्र दुरुस्त करतो हे त्यांच्याकडूनच ऐकावं.

तिसऱ्या दिवशी जेवण उरकून ते डोंगराच्या रस्त्याला लागले. लख्ख ऊन. धुकं नाही, ढग नाही. रस्त्यावर सुकलेली पानं उडत होती.

चढ सुरू झाला.

आणि...

पीं. पीं. पीं.

भावोजींनी रेडिओ मोठा केला. आवाज रेडिओतून येऊ लागल्यासारखा मोठा झाला. त्यांनी रेडिओ बंद केला.

ताई मागे वळली. हात लांबवून तिने रिकाम्या सीटचा पट्टा ओढला. ती म्हणते, रिकाम्या सीटचा पट्टा सरळ येतो. हा सरळ आला नाही. मधे कोणाला तरी वळसा घालून आल्यासारखा आला, आणि तेवढाच लांब लागला जेवढा आईंना लागायचा.

पट्टा खट्कन बसला. आवाज बंद.

ताई पुढे तोंड करून बसली. तिला मागे बघवेना.

वळण दिसायला लागलं. ते बाकडं. त्याच्यावर पिवळी पानं पडलेली.

टक... टक.

भावोजींच्या पाठीत जाणवलं ते. ताईने त्यांचे खांदे आखडलेले पाहिले.

"थांबवा," ताई म्हणाली.

त्यांनी वेग वाढवला.

"अहो, थांबवा!"

वळण गेलं. बाकडं मागे पडलं. भावोजींचा जबडा घट्ट, नजर समोर, घड्याळावर तीन बत्तीस, तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर.

मागून काही आवाज नाही. डबी नाही, पट्टा नाही.

आणि मग... अगदी हळू... दोघांनाही ऐकू येईल असं...

"अच्छा."

भावोजींनी ब्रेक मारला.

ताई सांगते, त्यांनी आधी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग गाडी उलटी घेतली. डोंगरमाथ्यावरच्या अरुंद रस्त्यावर, आयुष्यात एकदाही मागे न आलेला माणूस, पाऊणएक फर्लांग उलटा आला. बाकड्यापाशी गाडी लावली. उतरला. मागचं दार उघडलं. वाकून पट्टा सोडवला. आणि दार धरून तसाच उभा राहिला. आई उतरेपर्यंत दार धरायची अक्कल तेव्हा असती तर ही वेळच आली नसती.

वीस मिनिटं. ताईने घड्याळ लावलं होतं. वारा होता, पण बाकड्यावरची पानं हलत नव्हती. बाकी सगळीकडची उडत होती.

वीस मिनिटं झाल्यावर भावोजी म्हणाले, "आई, चल. बस." दार लावलं. पुढे येऊन किल्ली फिरवली.

आवाज आला नाही.

लाल दिवा लागला नाही.

"आई, बसलीस का?"

काही नाही. त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. त्या आवाजाला शिव्या घातलेला माणूस आता त्याच आवाजासाठी किल्ली पिळत होता. उतरून त्यांनी दार पुन्हा उघडलं, अर्धा तास धरून ठेवलं. हाका मारल्या. ऊन उतरलं तरी निघेनात. शेवटी ताईने रडून त्यांना गाडीत बसवलं.

गेस्टहाऊसला पोहोचायला साडेसहा झाले. फाटक उघडंच होतं.

आता तुम्हाला वाटेल, भावोजी सुधारले. कसले सुधारताहेत! परत आल्यावर मला म्हणाले, "सेन्सर आपोआप ठीक झाला, बघ." विनंती थांबे अजून बंद आहेत. काचेचा ठोकळा टीव्हीशेजारीच आहे. फक्त जेवायला बसताना ते खुर्ची भिंतीला अगदी चिकटवून घेतात, मागे बोट शिरणार नाही इतकी. आणि ताई म्हणते, गाडीत बसले की किल्ली फिरवून जरा वेळ गप्प बसतात. कान देऊन. मग निघतात.

काकू त्या गाडीत परत का बसल्या नाहीत, हे त्या दोघांना कळलेलं नाही.

मला कळलंय.

इतका वेळ मी भावोजींना यथेच्छ नावं ठेवली. आता माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी त्या वळणावर काकूंनी सीटवर डबी वाजवली ती नंतर. आधी त्यांनी माझा हात दाबला होता. "तू सांग ना त्याला. तुझं ऐकेल. तुझ्या तोंडाला लागत नाही तो." खरं होतं ते. मी बोलले असते तर भावोजी थांबले असते, नुसती माझी जीभ टाळायला. पण कानात गाणं चालू होतं, मला हॉटेलवर जाऊन आडवं व्हायचं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि परतीच्या रस्त्यावर, त्यांनी 'अच्छा' म्हटल्यावर, मला लाज वाटली. मी एका कानातलं काढलं आणि म्हटलं, "काकू, पुढच्या वर्षी माझी गाडी येतेय. आपण दोघीच जाऊ. हवं तिथे थांबू."

"नक्की ना?"

"नक्की."

गाडी आली. पानगळ आली. काकूंचा फोन आला, तीनदा. "काय गं, कधी निघायचं?" तिन्ही वेळा मी "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हटलं. तिसऱ्या वेळी मी सोफ्यावर झोपून टीव्ही बघत होते. तो शेवटचा फोन.

भावोजींनी निदान एकदाच फसवलं. माझ्यासारखं गोड बोलून पुन्हा पुन्हा नाही.

गेल्या सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले. गाडीत बसले. किल्ली फिरवली.

पीं. पीं. पीं.

माझ्या मागच्या सीटचा लाल दिवा.

मी मागे पाहिलं नाही. आरसासुद्धा वर फिरवला. ऑफिसला उशीर होत होता. आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, अगदी सवयीने निघून गेलं...

"येताना, काकू. आत्ता घाईत आहे. येताना जाऊ."

आवाज लगेच बंद झाला.

संध्याकाळी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीजवळ गेले, दाराला हात लावला, आणि तो शब्द मला आठवला. इथून घराकडे निघाले की ते 'येताना' सुरू होतं. पुढे मला डोंगरापर्यंत जावं लागेल. नाही गेले तर काय, ते माहीत नाही. गेले तर तिथून एकटीच परत येईन का, तेही माहीत नाही.

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बसने घरी आले. माझ्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी विनंती थांबा होता. मी आतून "जरा थांबा हो" म्हटलं. ड्रायव्हरने नाही म्हणून मान हलवली. दीड किलोमीटर पुढे उतरून चालत आले.

आज शुक्रवार. तेव्हापासून मी घरूनच काम करतेय. गाडी अजून तिथेच आहे. झाडांवर आता पानं फार उरलेली नाहीत.

मघाशी ऑफिसच्या वॉचमनचा फोन आला होता.

"मॅडम, गाडी कधी नेताय? आतून काहीतरी वाजतंय. दोनदा वाजतं आणि थांबतं."

मी म्हटलं, "उद्या येऊन बघते."

काल त्याचा फोन आला तेव्हाही मी हेच म्हटलं होतं.